सेवा-अभ्यास : वस्तीतलं मूल आणि शाळेचा उंबरठा



जून जवळ आला की आपल्या गटांवर एक प्रश्न हमखास येतो. कधी इंदूरहून, कधी बेळगावहून, कधी हैदराबादहून. "आमच्या केंद्राजवळ वस्ती आहे, तिथल्या मुलांसाठी काहीतरी सुरू करायचं आहे, सुरुवात कुठून करावी?" म्हणून या वेळच्या अभ्यासासाठी हाच विषय घेतला आहे.

आम्ही बडोद्याच्या काही भगिनी काही वर्षांपासून एका वस्तीत आठवड्यातून पाच दिवस संध्याकाळी मुलांचा वर्ग घेतो. आमच्यातल्या बहुतेक जणी गृहिणी आहेत, शिक्षिका नाहीत. वर्गातून जे समजलं आणि त्यासाठी जे वाचावं लागलं, ते इथे मांडत आहोत. लेख थोडा मोठा आहे. दोन दिवसांत वाचला तरी चालेल, पण घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा. आजी-आजोबांना तर नक्की वाचून दाखवावा. या सेवेत त्यांचं काम फार मोलाचं आहे, ते पुढे येईलच.

*१. 'सर्वांगीण' या शब्दाचा अर्थ*

हा शब्द आजकाल शाळांच्या फलकांवर सगळीकडे दिसतो. त्याचा अर्थ संगणक, चित्रकला, योग, नृत्य, इंग्रजी असा लावला जातो. म्हणजे मुळात सगळं नीट चाललेल्या मुलाला आणखी काय काय देता येईल, याची यादी.

वस्तीतल्या मुलाच्या बाबतीत अर्थ उलट बाजूने समजून घ्यावा लागतो. पोट, डोळे, कान, झोप, भाषा, मनातली भीती, घरची कामं, घरातले कागद ही सगळी त्या मुलाच्या शिक्षणाचीच अंगं आहेत. त्यातलं एक अडलं की बाकीचं सगळं अडतं.

आमच्या वर्गात एक मुलगा हाक मारली तरी बघायचा नाही. सगळे त्याला 'बुद्धू' म्हणायचे, आईसुद्धा म्हणायची. एका भगिनीच्या लक्षात आलं की त्याच्या उशीला सारखे डाग असतात. त्याचा कान कितीतरी महिने वाहत होता. सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे तीन-चार फेऱ्या झाल्या, औषध नियमित घातलं गेलं. त्यानंतर तो पाढे म्हणायला लागला. त्याच्यासाठी शिक्षणाचा पहिला धडा कानात घालायचे थेंब हाच होता. तो चुकला असता, तर आपण कितीही सुंदर तक्ते लावून उपयोग नव्हता.

*२. आपल्याआधी हे काम कोणी केलं?*

हा विचार नवीन नाही. आपण ज्या गावांत पिढ्यान् पिढ्या राहतो, तिथल्या इतिहासात तो आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानात लागू केला. ब्रिटिश मुलखात तेव्हा असा कायदा नव्हता. 'गरिबाचं मूल शिकलं तर बरं' या भावनेवर महाराज थांबले नाहीत. मुलाला शिकवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं त्यांनी मानलं.

पण दार उघडलं तरी काही मुलं आत येत नाहीत. का येत नाहीत, याचा शोध ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी घेतला. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई त्यांच्याबरोबर आल्या. तिथली बालवाडी चांगली चालली, पण दलित वस्तीतली मुलं काही येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्या वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. आज देशभरातली केंद्रं त्याच नावाने ओळखली जातात.

पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम करताना त्यांना दिसलं की मुलं दिवसभर गुरं राखतात. मग त्यांनी कुरणशाळा काढल्या. जिथे गुरं चरतात तिथेच वर्ग. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असतं हे दिसलं, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. त्याला नाव दिलं विकासवाडी.

'मूल का येत नाही' या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मुलाच्या घरी जाऊन शोधलं आणि मग मुलाला बदलायला न सांगता शाळेचा वेळ, जागा, रीत बदलली. आपल्याला या अभ्यासातून घ्यायचं आहे ते हेच.

*३. मूल आणि शाळा यांच्या मध्ये काय येतं?*

आमच्या वस्तीत आम्हाला पाच अडथळे ठळक दिसले. तुमच्या गावी भाषा आणि नावं बदलतील, पण थोड्याफार फरकाने हेच सापडतील.

*कडेवरचं भावंड.* आई सकाळी चार घरची धुणीभांडी करायला जाते किंवा बांधकामावर जाते. नऊ-दहा वर्षांची मुलगी घरात आई होते. तिला "तू शाळेत का जात नाहीस?" असं विचारणं निरर्थक आहे. बाळाचं काय करायचं, हा खरा प्रश्न असतो. तीन वर्षांपुढचं भावंड अंगणवाडीत जाऊ शकतं. गुजरातमध्ये अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना 'तेडागर' म्हणतात, म्हणजे मुलाला घरून घेऊन येणारी. किती सुंदर नाव आहे! त्या बाईंशी ओळख करून घेतली आणि दोन घरं त्यांना दाखवली, तर एका मुलीची सकाळ मोकळी होते. तीन वर्षांखालच्या बाळासाठी मात्र सोय मिळणं कठीण असतं. आमच्या संध्याकाळच्या वर्गात दोन आज्या एका कोपऱ्यात चटई टाकून बाळांना घेऊन बसतात. त्यांनी एक अक्षरही शिकवलेलं नाही, पण त्या नसतील तर पाच-सहा मुली वर्गात बसूच शकणार नाहीत.

*येणं-जाणं.* बडोद्यात दाहोद, झाबुआ, अलीराजपूर भागातून खूप कुटुंबं बांधकामावर येतात. सकाळी कडिया नाक्यावर उभी राहतात. पहिला पाऊस पडला की पेरणीसाठी गावी जातात, होळीला जातात, दिवाळीला जातात. शाळेचे प्रवेश जूनमध्ये आणि पेरणीही त्याच सुमारास! होळीला गेलेलं मूल परीक्षेला नसतं. त्यामुळे त्याचं नाव गावच्या शाळेत एक, इथल्या शाळेत एक, आणि मूल दोन्हीकडे गैरहजर. यासाठी आम्ही एक वही ठेवली आहे. प्रत्येक मुलाचं नाव, वय, गावच्या शाळेचं नाव, शेवटची इयत्ता, कुटुंब कधी जातं आणि कधी परत येतं. आजी-आजोबा गावी असतील, तर मुलाला तिथेच ठेवून शिकवणं बरं का, हेही पालकांशी बोलतो. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी काही ठिकाणी सरकारी हंगामी वसतिगृहं असतात, त्याची चौकशी करून देतो. मूल आपल्याच वर्गात राहावं असा हट्ट नको.

*भाषा.* घरात भिली, शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी आणि शिकवायला आलेल्या आम्ही मराठी! लहान मूल गप्प बसलं की आपण त्याला मंद समजतो. ते बिचारं एका भाषेतून दुसरीत जायची वाट शोधत असतं. आम्ही पहिला महिना फक्त बोलणं, गाणी, चित्रं यांवर ठेवतो. मुलांच्या भाषेतले शब्द आम्ही शिकतो आणि चुकलो की मुलं पोट धरून हसतात. त्यानंतर तीच मुलं बिनधास्त चुकतात. चुकायची भीती गेल्याशिवाय वाचन येत नाही. बेळगाव, हैदराबादच्या केंद्रांना हा मुद्दा वेगळा सांगायला नको, आपल्या स्वतःच्या मुलांनीही घरची एक आणि शाळेची एक भाषा सांभाळली आहे.

*पोट आणि झोप.* एका खोलीत सहा-सात माणसं, रात्री उशिरापर्यंत चालणारा टीव्ही, पहाटे पाणी भरायला उठणं. असं मूल दुपारी पेंगतं, त्याला आळशी म्हणू नये. शाळेतल्या जेवणाचं महत्त्व इथे कळतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं त्या जेवणाचं प्रमाण ठरलेलं आहे. मूल शाळेत नाही, म्हणजे हे जेवणही नाही. दर वर्षी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात. त्या दिवशी आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल तिथे गेलं का, एवढं बघितलं तरी ती मोठी सेवा आहे.

*लाज आणि भीती.* दहा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या मुलांबरोबर पहिलीत बसायला तयार होत नाही, त्याला कमीपणा वाटतो. कुणाला आधीच्या शाळेत मार बसलेला असतो. एकाला वहीला वास येतो म्हणून सगळ्यांसमोर हसले होते. मुलं हे सहजी सांगत नाहीत, "मला शाळा आवडत नाही" एवढंच म्हणतात. खरं कारण कळायला आम्हाला कधी कधी सहा महिने लागले आहेत.

*४. कायदा मुलाच्या बाजूने आहे*

हा भाग प्रत्येक सेवेकऱ्याला पाठ असावा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी :

• वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.
• शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, हेही प्रवेश अडवायचं कारण होऊ शकत नाही.
• वर्ष सुरू झाल्यानंतर आलेल्या मुलालाही प्रवेश द्यायचा आहे.
• कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा इयत्तेत घ्यायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे त्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसायची गरजच नाही.
• मारणं आणि मानसिक त्रास देणं याला बंदी आहे.
• आधार कार्ड नाही म्हणून मुलाला शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

अनुभव असा की पालक एकटे गेले तर "कागद घेऊन या" एवढं ऐकून परत येतात. एक दिवसाची मजुरी बुडते, पुन्हा जायचा धीर होत नाही. आपल्यातली एखादी भगिनी बरोबर गेली, नम्रपणे बसली आणि नियमाचा उल्लेख केला, तर बहुतेक वेळा काम होतं. भांडायला जाऊ नये. मुख्याध्यापकांनाही साठ मुलांचे साठ फॉर्म भरायचे असतात. फॉर्म भरायला मदत करू म्हटलं की ते खुर्ची देतात.

*५. दीड तासाचा वर्ग कसा असावा?*

आमचा वर्ग साडेपाच ते सात असतो. पहिली पंधरा मिनिटं हात-तोंड धुणं, नखं, केस, पाणी पिणं. साबण आम्ही नेतो. नंतर दोन मिनिटं डोळे मिटून शांत बसणं. मग गाणी आणि एक गोष्ट. गोष्टीचं काम आजोबांकडे आहे आणि मुलं त्यांना रोज एक तरी पात्र बदलायला लावतात.

त्यानंतर चाळीस मिनिटं वाचन-गणित. इथे गट वयावर किंवा इयत्तेवर करत नाही, मुलाला आज काय येतं त्यावर करतो. ही पद्धत १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने देशभर पोहोचवली आहे. एकेका मुलाला जवळ बसवून बघायचं : अक्षर ओळखतो का? साधे शब्द? चार ओळींचा उतारा? छोटी गोष्ट? ज्या पायरीवर मूल थांबलं, तिथून पुढे सुरुवात. पाचवीतलं मूल अक्षरावर थांबलं तरी चेहऱ्यावर आश्चर्य दाखवायचं नाही. दर दोन महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि गट बदलायचे.

गणितात वस्तीतल्या मुलांना कमी समजू नका. पन्नासची नोट देऊन बत्तीस रुपयांचं सामान आणणारी मुलगी अठरा रुपये मोजून परत आणते. तीच मुलगी वहीत ५० वजा ३२ पाहिलं की थांबते. म्हणून आम्ही दुकानापासून सुरू करतो. चिंचोके, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, खोट्या नोटा. तोंडी येणारा हिशेब कागदावर कसा उतरतो, एवढंच तिला दाखवायचं असतं.

शेवटी मूठभर चणे-गूळ किंवा एक केळं, आणि घरी.

*६. सेवेची पथ्यं*

*वाटप हे शिक्षण नव्हे.* जूनमध्ये वह्या-दप्तरांचं वाटप होतं, फोटो निघतात. वह्या द्याव्यात, जरूर द्याव्यात, पण ऑगस्टमध्ये त्या दप्तराचं मूल शाळेत आहे का, हे बघायला कोणी जातं का? मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो आम्ही गटावर टाकत नाही. आपल्या नातवाचा फोटो हात पसरलेला छापला तर आपल्याला कसं वाटेल?

*जे सांगितलं ते पाळावं.* या मुलांना "उद्या येतो" म्हणून न येणारी पुष्कळ मोठी माणसं भेटलेली असतात. म्हणून पाच दिवस जमत नसेल, तर दोनच दिवस ठरवा, पण ते दोन दिवस लग्न असो, पाऊस असो, कोणीतरी जाणार म्हणजे जाणार. आपण नामस्मरणाला वेळ ठरवतो, तशीच ही वेळ. आमच्याकडे प्रत्येक वाराला तीन नावं आहेत, एक अडलं तर दोन आहेत.

*संस्कार लादू नयेत.* आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. काही भगिनींचं म्हणणं होतं की श्लोक आणि आरतीने सुरुवात करावी. पण वस्तीत वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या देवांची घरं आहेत. एकाही आईला आपलं मूल पाठवताना शंका वाटू नये, म्हणून शांत बसणं तेवढं ठेवलं. संस्कार म्हणाल, तर केळं अर्धं खाऊन अर्धं फ्रॉकच्या खिशात भावासाठी ठेवणारी मुलगी आम्ही रोज बघतो.

*सुरक्षितता.* वर्गात नेहमी किमान दोन मोठी माणसं हवीत. कोणत्याही मुलाला एकट्याने कुणाच्या घरी नेऊ नये. मुलाने अत्याचाराचं काही सांगितलं, तर ते शांतपणे ऐकावं, उलटतपासणी करू नये आणि लपवू नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ सर्वांच्या फोनमध्ये असावा.

*आपला वर्ग ही शाळा नव्हे.* संध्याकाळी आपल्याकडे चाळीस मुलं येतात आणि सकाळी त्यातली वीस घरी असतात, तर आपलं काम अर्धंच झालं. आमच्या वहीत म्हणूनच दोन रकाने आहेत : 'आज वर्गात आला' आणि 'आज शाळेत गेला'. दुसऱ्या रकान्याकडे आम्ही जास्त बघतो. एखादं मूल शाळेत रुळलं आणि आपल्याकडे यायचं बंद झालं, तर मनाला थोडं लागतं, पण त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटतात.

*७. मननासाठी प्रश्न*

१) आपल्या घरी काम करायला येणाऱ्या ताईंच्या मुलांची नावं, वयं आणि इयत्ता आपल्याला माहीत आहेत का?
२) आपल्या घरातल्या मुलाला शाळेपर्यंत पोहोचवायला किती हात लागले? डबा, इस्त्री, रिक्षा, गृहपाठ, आजारपण, सगळे मोजून पाहा.
३) ताराबाई-अनुताईंनी बालवाडी अंगणात नेली. आपल्या केंद्राच्या आसपास असं अंगण कुठे आहे?
४) आपल्या सेवेतली कोणती गोष्ट मुलाच्या सोयीची आहे आणि कोणती आपल्या सोयीची?

*या आठवड्याचा संकल्प*

वर्ग लगेच सुरू करू नका. आधी दोघी-तिघींनी मिळून एवढंच करा : वस्तीजवळची अंगणवाडी आणि नगरपालिकेची शाळा कुठे आहे ते बघून या, अंगणवाडीच्या ताईंना आणि मुख्याध्यापकांना भेटा, "आमची काय मदत होईल?" असं विचारा आणि ते काय सांगतात ते लिहून आणा. पुढच्या गुरुवारच्या सत्संगानंतर प्रत्येक केंद्राने आपली टिपणं गटावर पाठवावीत. सर्वांची एकत्र करून पुढचा अभ्यास त्यावरच घेऊ.

आजी-आजोबांनी आपलं नाव गोष्टीसाठी की बाळांच्या चटईसाठी, तेही कळवावं.

सर्वांना नमस्कार. 🙏
— सेवा गटाच्या भगिनी, बडोदा